रडण्याचं दान

मेदान,
३ फेब्रुवारी १९८६

प्रिय बहिणी, इतो रुमोंदांग,

प्रभूच्या नावाने होरास. कांदा निघाला का? आम्ही तिघे बरे आहोत. बोनार शाळेत जायला लागलाय आणि घरी येऊन आम्हालाच शिकवतो. सौलिना म्हणते, पोरगा आत्यावर गेलाय.

मूळ मुद्द्यावर येतो, नाहीतर म्हणशील भाऊ पाळक झाल्यापासून नुसती प्रस्तावनाच करतो. गावच्या चर्चचा कारभार बघणाऱ्या वडीलमंडळातले मारोलोप यांचं पत्र आलंय. तू अजूनही प्रत्येक मयताला प्रेतापाशी बसून आंदुंग गातेस म्हणे. मेलेल्याचं नाव घेऊन, सूर लावून, त्याच्याशी बोलत रडतेस. तुझं ऐकून अख्खं घर रडायला लागतं आणि मग स्तोत्र म्हणायला कुणाचा गळाच उरत नाही. वडीलमंडळाच्या सभेने ठरवलंय की यापुढे एकदा जरी गायलीस तर रविवारी तुझं नाव मंडळीसमोर वाचलं जाईल आणि वर्षभर तुला प्रभुभोजन मिळणार नाही. इतो, आपल्या बापाने त्या चर्चचे दगड वाहिलेत. तिथे आपल्या घरातलं नाव वाचलं जावं?

मी सध्या इथे पवित्र आत्म्याच्या कृपादानांवर, म्हणजे देव माणसाला देतो त्या शक्तींवर, वर्ग घेतो. एक नवा प्रार्थनागट आहे, त्यात लोक कधी न शिकलेल्या अन्य भाषांत बोलतात, बरं करायला आजाऱ्यांवर हात ठेवतात. मी हे डोळ्यांनी पाहतो आणि अंगावर काटा येतो. ईस्टरनंतर गावातही हाच वर्ग घ्यायला मला बोलावलंय. दान ओळखायचं कसं, वापरायचं कसं, सगळं शिकवणार आहे. तुझंही दान शोधू. मला तर वाटतं, तुझं दान साहाय्य करण्याचं आहे. मयताच्या घरी शंभर माणसांचा भात तू एकटी शिजवतेस, ते काय थोडं आहे? ते कर. आंदुंग सोड.

तुझा धाकटा,
हापोसान


सामोसीर,
२० फेब्रुवारी १९८६

भावा, इतो हापोसान,

पत्र मिळालं. आमचा कांदा निघाला, आता दोरीवर टांगलाय. मेदानमध्येही कांद्याचा हंगाम जोरात दिसतोय. तिथे तो नाकाने सोलतात इतकंच.

साहाय्य! वाचून आधी हसले, मग चुलीपुढे बसून तासभर धुमसले. शंभर माणसांच्या भाताला आत्मा लागत नाही रे, मोठं पातेलं लागतं. पुरुषांना भाषा, पुरुषांना संदेश, पुरुषांना रोग बरे करणं आणि बायकांना पातेलं. ही वाटणी पवित्र आत्म्याने केली की तुमच्या सभेने?

मला हे कसं मिळालं ते तुला ठाऊक नाही, तू तेव्हा रांगत होतास. वादळात होडी उलटली आणि नाई तुंपालचा नवरा आणि मुलगा एकाच दिवशी गेले. बाई भिंतीला टेकून बसली ती बसलीच. रडेना, बोलेना, पाण्याला तोंड लावेना. सगळे घाबरले. पाळकाने प्रार्थना केली, बायकांनी गाल चोळले, काही होईना. मी पाण्याची वाटी घेऊन गेले आणि माझं तोंड उघडलं. होडीला नवऱ्याने लावलेलं डांबर, मुलाने अर्धवट विणून ठेवलेलं जाळं, सगळं त्या सुरात येत गेलं. मी कुणाकडे शिकले नव्हते, देवाकडे मागितलंही नव्हतं. बाई किंचाळली, रडली आणि मग पाणी प्यायली. याला दान म्हणायचं नाही तर काय म्हणायचं, चोरी?

मारोलोप म्हणतात, मेलेल्याशी बोलणं पाप. त्यांना माझ्या वतीने विचार, मेलेल्या लाजारसला थडग्यातून हाक मारणारा येशूच ना? आणि हाक मारण्याआधी तिथे उभं राहून रडलं कोण? पौलाने दानं मोजली त्याच अध्यायात, जरा खाली, रडणाऱ्यांबरोबर रडायलाही सांगितलंय. तुझ्या वर्गातलं ते पान फाटलंय का?

तूच शिकवतोस की दान स्वतःसाठी नसतं, मंडळीसाठी असतं. मग माझ्या रडण्याने माझी काय बरकत झाली ते सांग. घसा बसतो आणि दोन दिवस बोलता येत नाही. शेजारी त्याबद्दल देवाचे आभार मानतात, ती गोष्ट वेगळी.

नाव वाचायचं तर वाचा. फक्त नीट उच्चार करा म्हणावं.

बोनारला त्याच्या भांडकुदळ आत्याचा, या नांबोरूचा मुका.

तुझी थोरली,
रुमोंदांग


मेदान,
२२ एप्रिल १९८६

इतो,

वर्ग पुढे ढकललाय. बोनारला ताप आहे. आठवडा झाला, उतरतो आणि पुन्हा चढतो. अंगावर लाल ठिपके आलेत. प्रार्थनागट रोज घरी येतो. गल्लीतला डॉक्टर इस्पितळात न्या म्हणतो, पण गटाचे पुढारी म्हणतात, एकदा हात ठेवून प्रार्थना केल्यावर इस्पितळाकडे धावणं म्हणजे देवाला दिलेला शब्द मागे घेणं. मला काही सुचत नाही.

काल प्रार्थनेत गटातल्या एका बहिणीला देवाचा संदेश मिळाला. या कुटुंबात कुणीतरी मेलेल्यांसाठी दार उघडं ठेवलंय, ते बंद झाल्याशिवाय ताप उतरणार नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी तुझं नाव घेतलं.

रागाव, शिव्या दे, पण वचन लिहून पाठव. यापुढे आंदुंग गाणार नाही एवढंच लिही आणि बोटीवाल्याच्या हाती लगेच पाठव. पाळक म्हणून सांगत नाही. बाप म्हणून तुझ्या पाया पडतो.

हापोसान


सामोसीर,
२४ एप्रिल १९८६

हापोसान,

हे घे वचन. यापुढे मी आंदुंग गाणार नाही. पोराच्या जिवापुढे माझा गळा काय मोठा लागून गेला?

पण आता माझं ऐक. त्या संदेशावर माझा काडीचाही विश्वास नाही. मी गप्प बसते ती भीतीने. माझ्या श्रद्धेचा त्यात काही भाग नाही. दार बंद झालंय, आता तुझ्या घराचं दार उघड आणि पोराला इस्पितळात ने. आज. पत्र हातात पडताच. डॉक्टरचे हातसुद्धा देवानेच केलेत, ते नुसते डोक्यावर ठेवायचे नसतात इतकंच. रोग बरा करण्याचं दान कुणाला आहे ते आपण नंतर भांडून ठरवू.

काल नाई होतमा गेली. माझी बालपणची सोबतीण. हे पत्र टाकून मी तिच्याकडे चालले आहे. तोंड मिटून बसेन. तिच्या लेकी माझ्याकडे बघतील आणि मी जमिनीकडे बघेन.

ने त्याला.

रुमोंदांग


मेदान,
९ जून १९८६

माझ्या नणंदबाई, एदा रुमोंदांग यांस,

मी सौलिना. हे पत्र तुमच्या भावाला न सांगता लिहिते आहे.

तार तुम्हाला मिळाली असेल. 'बोनार प्रभूकडे. दफन झालं. येऊ नये. आनंद करा.' ती मी लिहिली नव्हती.

तुमचं पत्र आलं तेव्हा त्यांनी वचन गटासमोर मोठ्याने वाचलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खालचं, इस्पितळाचं, वाचलं नाही. मला ते चार दिवसांनी टेबलावर सापडलं. मी पोराला उचललं आणि रिक्षात बसले. इस्पितळात म्हणाले, बाई, आधी का नाही आणलंत?

एदा, माझ्या पोरासाठी कुणी रडलं नाही. गटाच्या बायका माझे हात धरून बसल्या होत्या. मी रडायला लागले की म्हणायच्या, रडू नकोस, स्तुती कर, शोक करणं म्हणजे देवाविरुद्ध तक्रार. त्यांनी टाळ्या वाजवून गाणी म्हटली. माझ्या माहेरचे लोक बोटीतून उतरून येईपर्यंत माती पडली होती.

तुमचा भाऊ दर रविवारी उपदेश करतो, आधीपेक्षा मोठ्या आवाजात. घरी आला की बोलत नाही. बोनारच्या सँडल दाराशी आहेत तशाच आहेत. आम्ही दोघं त्या ओलांडून जातो. मला घास गिळत नाही. दूध प्यायले तरी उलटून पडतं. शेजारणी म्हणतात मी पण जाणार. मला त्याचं काही वाटत नाही, हे वाईट आहे का?

लग्न होऊन आले त्या वर्षी माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे तुमच्या बापाच्या मयताला तुम्ही गायला होतात. मला तुमच्या गावच्या रीती कळत नव्हत्या, तरी मी रडले होते आणि रडून बरं वाटलं होतं. तुम्ही या. वचन दिलंय ते मला माहीत आहे. तरी या. माझ्या पोराचं नाव कुणीतरी मोठ्याने घ्यावं.

तुमची,
सौलिना


सामोसीर,
१३ जून १९८६

सौलिना, माझे बाई,

मंगळवारच्या बोटीने निघते. कुणाला सांगू नकोस. त्याला तर मुळीच नको.

वचनाची काळजी करू नकोस. ते मी पोराच्या जिवासाठी दिलं होतं. ज्याच्यासाठी दिलं तोच राहिला नाही. आता मला त्या वचनात धरून ठेवायचा हक्क फक्त बोनारला आहे, आणि तो धरणार नाही.

सँडल हलवू नकोस. मला लागतील.

तुझी एदा


मेदान,
१५ जुलै १९८६

रुमोंदांग,

तू गेल्यापासून लिहीन लिहीन म्हणतो, पण रागाने हात चालत नव्हता. आजही राग गेलेला नाही.

भर दुपारी, दार सताड उघडं टाकून, माझ्या बैठकीच्या खोलीत तू खांद्यावर उलोसची शाल घेऊन खाली बसलीस आणि पोराच्या सँडल मांडीवर घेतल्यास. मी सभेतून परत आलो तर गल्लीत शंभर माणसं. तुझा आवाज कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत येत होता. 'उठ रे बोनार, शाळेची घंटा झाली, तुझ्या सँडल वाट बघून थकल्या, कुठे अनवाणी गेलास?' सौलिना जमिनीवर लोळत होती. मी तुला गप्प बस म्हणालो, तर तू माझ्याकडे वळून त्याच सुरात सुरू केलंस. 'बाळा, तुझा बाप आलाय बघ. तुला कोरड्या डोळ्यांनी पुरलं त्याने. तुला त्याचा चेहरा ओळखू येतो का?' सगळ्या गल्लीसमोर!

मी तुझी पिशवी बाहेर फेकली. थोरल्या बहिणीला घराबाहेर काढलं. मला त्याचं वाईट वाटत नाही.

गटाने मला काढून टाकलंय. माझ्या घरात भुतांना बोलावलं गेलं म्हणे. गावीही बातमी पोहोचली. मारोलोपांनी लिहिलंय, प्रभुभोजन द्यायला ३१ ऑगस्टला कुणीतरी पाळक लागणारच आहे, तर मीच यावं. आदल्या दिवशी राहिलेला वर्गही घ्यावा. आणि तुझं नावही मीच वाचावं, म्हणजे पक्षपात झाला असं कुणी म्हणणार नाही. मी हो म्हटलंय.

अजून वेळ आहे. त्या रविवारी मंडळीत उभी राहा आणि आंदुंग देवाकडून नाही एवढं म्हण. नाव वाचलं जाणार नाही. मारोलोपांनी तसं कबूल केलंय.

सौलिना आता जेवते. तू गेलीस त्या संध्याकाळी तिने दोन ताटं भात खाल्ला. नंतर रडली, नंतर झोपली. मला काय लिहायचं होतं ते विसरलो.

हापोसान


सामोसीर,
२४ जुलै १९८६

इतो,

ये. वाचायला ये. मी उभी राहणार नाही.

पिशवी फेकलीस त्याचा मला राग नाही. त्यात फक्त सुकी मासळी होती, ती गल्लीतल्या मांजरांनी नेली. राग वेगळ्याच गोष्टीचा आहे आणि तो स्वतःवर आहे. नाई होतमाच्या मयताला मी तोंड शिवून बसले. तिच्या लेकी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. धन्याने दिलेलं नाणं जमिनीत पुरून ठेवणारा तो नोकर तू दर वर्षी पुलपिटावरून सांगतोस ना? त्या दिवशी तो मी होते. पापच वाचायचं असेल तर ते वाच.

तुम्ही लोक आत्मे ओळखायला बसता. कुणाच्या तोंडून देव बोलतो आणि कुणाच्या तोंडून सैतान, हे टाळ्यांच्या आवाजावरून ठरवता. ज्या बाईच्या तोंडून तो संदेश आला, तिला कुणी विचारलं का, की पोराला इस्पितळात का नेऊ दिलं नाहीस? माझी परीक्षा घेणारे खूप, तिची कोण घेणार?

आंदुंग देवाकडून नाही असं म्हणायला मला जीभ आहे, पण ती उसनी द्यायला मी तयार नाही. प्रभुभोजन नको तर नको. वर्षभर लांबून बघेन. प्रभू काही मारोलोपांच्या ताटात बसून येत नाही.

थोरली


सामोसीर,
२ सप्टेंबर १९८६

सौलिना,

तो तुला हे सांगणार नाही, मला ठाऊक आहे. घरी येऊन म्हणेल, सगळं ठीक झालं. म्हणून मी लिहिते.

शुक्रवारी तो बोटीतून उतरला आणि थेट मारोलोपांकडे मुक्कामाला गेला. सख्खी बहीण गावात असताना! मी भात टाकलेला तसाच राहिला. शनिवारी वर्ग होता. मी पहिल्या बाकावर जाऊन बसले. फळ्यावर त्याने सगळी दानं खडूने लिहिली होती. ज्ञान, विश्वास, संदेश, बरं करणं, अन्य भाषा. सुंदर अक्षर आहे त्याचं. पण आवाज नव्हता गं, ज्या आवाजाची तू तक्रार करायचीस तो कुठे गेला कुणास ठाऊक. शेवटी म्हणाला, काही प्रश्न? मी हात वर केला. मारोलोपांनी कपाळाला हात लावला.

"पाळकसाहेब, एखाद्याला दान आहे की नाही, हे ठरवायचं कुणी?"

"ज्याला ते मिळालं त्याने नाही," तो म्हणाला. "सभेनेही नाही. ज्यांच्यासाठी ते वापरलं गेलं, त्यांना विचारायचं. त्यांचं भलं झालं का, ते उभे राहिले का."

एवढं बोलून त्याने खडू खाली ठेवला. मग म्हणाला, आज इथेच थांबू.

रविवारी उजाडताना मी शेतात कांदा उन्हाला घालत होते, तेव्हा तो बांधावरून चालत आला. काळे बूट चिखलाने भरले होते. तिथे काय झालं ते मी लिहिणार नव्हते, कारण ते त्याचं आहे. पण त्याने स्वतःच ते नंतर अख्ख्या गावाला सांगितलं, त्यामुळे मी काय लपवू?

उपासनेला चर्च गच्च भरलं होतं. इतकी गर्दी नाताळालाही नसते. लोकांना दुसऱ्याचं नाव वाचलेलं ऐकायला फार आवडतं. मी मागच्या बाकावर बसले, नाव वाचलेल्यांनी बसायच्या जागी, कुणी बसवायच्या आधीच. मारोलोप उभे राहिले आणि म्हणाले, "बहिणीला काही म्हणायचं असेल तर आत्ता म्हणावं."

मी उभी राहिले. मारोलोपांचा चेहरा खुलला.

"म्हणायचंय," मी म्हणाले. "तुमच्यापैकी ज्यांच्या घरी मी रडले, त्यांनी देवाला विचारावं की ते रडणं कोणाकडून आलं होतं. मला विचारू नका. मी बसते."

आणि बसले.

मग हापोसानने कागद उघडला. रुमोंदांग, मयतांच्या ठिकाणी आंदुंग गायल्याबद्दल, वर्षभर प्रभुभोजनापासून दूर. स्वच्छ वाचलं. उच्चारही नीट केला. कितीही म्हटलं तरी मला कुठेतरी वाटत होतं की वाचणार नाही.

कागद त्याने घडी घालून खिशात ठेवला. मारोलोप खाली बसायला लागले. तेव्हा तो म्हणाला, "अजून एक नाव आहे."

"कागदावर एकच आहे," मारोलोप म्हणाले.

"हापोसान," तो म्हणाला. "हिचा भाऊ. आज सकाळी कांद्याच्या शेतात हिच्याकडून आपल्या मुलाचा आंदुंग मागून घेतल्याबद्दल. चिखलात बसून हिच्याबरोबर रडल्याबद्दल. याआधी न रडल्याबद्दल नाही, त्याला तुमच्या नियमांत शिक्षा नाही. हापोसानलाही वर्षभर प्रभुभोजन नाही."

मारोलोप चाचरत म्हणाले, "पाळकसाहेब, हे लिहिलेलं नाही."

"मग लिहून घ्या. मी थांबतो."

आणि तो थांबला. मारोलोपांनी खिसे चाचपले, कुणीतरी पेन दिलं. सगळ्यांदेखत त्यांना ते नाव लिहावं लागलं. मग हापोसानने भाकर हातात घेतली, आशीर्वाद मागितला, मोडली, ताटं वडीलमंडळाच्या हाती दिली. स्वतः घेतली नाही. पुलपिटावरून उतरला, मधल्या वाटेने चालत मागे आला आणि मला म्हणाला, "इतो, सरक."

मी सरकले.

मारोलोप ताट घेऊन एकेका बाकापाशी थांबत आमच्यापर्यंत आले. क्षणभर वाटलं थांबतील, पण ताट आमच्यासमोरून पुढे गेलं. आम्ही दोघांनीही मान खाली घातली नाही.

तुझी एदा,
रुमोंदांग